जेलीफिशचा गुन्हा सिद्ध करायला या डॉक्टरने स्वतःसोबत पोटच्या पोरालाही डंख दिला होता

डिसेंबर 1961. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात केर्न्स नावाचं शहर आहे, त्याच्या आसपासचा समुद्रकिनारा. तिथं तीन जण होते. एक डॉक्टर, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आणि किनाऱ्यावर पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणारा एक धडधाकट तरुण लाइफसेव्हर.

डॉक्टरांनी नुकताच पाण्यातून एक जीव पकडून आणला होता. अंगठ्याच्या नखाएवढा. काचेसारखा आरपार. खाली दोऱ्यासारखे चार पाय लोंबत होते, बास. डॉक्टरांनी तो आधी स्वतःच्या अंगाला लावला, मग मुलाच्या, मग लाइफसेव्हरच्या.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मुंगी चावावी इतपत चुरचुर झाली. मग थोड्या वेळाने तिघांच्याही कंबरेत, पोटात आणि पायांत असे काही गोळे यायला लागले, की तिघांनाही हॉस्पिटलात हलवावं लागलं.

या डॉक्टरांचं नाव जॅक बार्न्स. ऑस्ट्रेलियात विषारी समुद्री जीवांचा विषय निघाला की आजही पहिलं नाव त्यांचंच निघतं. आपल्याकडे मात्र ते फारसे कुणाला माहीत नाहीत. पण स्वतःच्या पोरावर असला प्रयोग करण्याची वेळ त्यांच्यावर का आली, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

उत्तर क्वीन्सलंडचा किनारा म्हणजे स्वर्ग. एका बाजूला घनदाट जंगल, दुसऱ्या बाजूला कोमट निळं पाणी आणि पुढं समुद्रात ग्रेट बॅरिअर रीफ. ऑस्ट्रेलियातला उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येतो. त्यामुळे नाताळच्या सुट्ट्या लागल्या की पोरंटोरं दिवसभर पाण्यात.

पण याच महिन्यांत तिथं एक विचित्र प्रकार घडायचा. छातीएवढ्या पाण्यात खेळणाऱ्या माणसाला कुठंतरी हलकासा डंख व्हायचा. तो दुर्लक्ष करायचा. अंगावर धड वळसुद्धा उठायचा नाही. मग पाच मिनिटांनी, कधी अर्ध्यापाऊण तासाने कंबर फुटायला लागायची. पोट लाकडासारखं कडक व्हायचं. उलट्या, घामाच्या धारा, धडधड, डोकं ठणकणं. ब्लडप्रेशर आभाळाला भिडायचं. माणूस एका जागी बसू शकायचा नाही, झोपू शकायचा नाही. आणि या सगळ्यापेक्षा भयंकर म्हणजे, आता आपण मरणार ही खात्री त्याच्या मनात घट्ट बसायची. हे लक्षण आजही वैद्यकीय पुस्तकांत गंभीरपणे नोंदवलं जातं.

डॉक्टर मंडळी गोंधळून जायची. पोट कडक म्हणून कुणाला अपेंडिक्स वाटायचं, कुणाला हार्ट अटॅक. पाणबुडा असेल तर खोल पाण्यातून झपकन वर आल्यामुळे रक्तात हवेचे बुडबुडे झाले, असा अंदाज बांधला जायचा. ही गल्लत पाणबुड्यांच्या बाबतीत नंतरही होत राहिली. पेशंट सांगायचा की पाण्यात काहीतरी चावलं. पण काय चावलं, ते ना त्याने पाहिलेलं असायचं, ना आजूबाजूच्या कुणी.

दुसऱ्या महायुद्धात या भागात सैन्याचे तळ पडले. सैनिक पाण्यात उतरायचे आणि डंख खाऊन यायचे. तेव्हा रोनाल्ड साउथकॉट नावाचे लष्करी डॉक्टर केर्न्समध्ये होते. त्यांच्या लक्षात आलं की हे डंख दोन वेगवेगळ्या प्रकारचे आहेत. एकात अंगावर चाबकाने फोडल्यासारखे वळ उठतात आणि माणूस काही मिनिटांत मरू शकतो. दुसऱ्यात वळ नसतात, पण नंतर हा सगळा तमाशा सुरू होतो.

केर्न्समधलेच एक रेडिओलॉजिस्ट होते, ह्यूगो फ्लेकर. एक्सरे काढणं हा त्यांचा व्यवसाय, पण जीव रमायचा झाडपाला, कीटक आणि विषारी प्राण्यांत. 1952 साली त्यांनी या दुसऱ्या प्रकाराला नाव दिलं, इरुकांजी. केर्न्सच्या उत्तरेच्या किनारपट्टीवर पूर्वापार राहत आलेल्या आदिवासी समाजाचं हे नाव. म्हणजे आजाराला नाव मिळालं, पण तो करणारा कोण ते मात्र कुणालाच ठाऊक नाही.

पहिल्या प्रकारचा गुन्हेगार आधी सापडला, आणि त्यासाठी एका लहानग्याचा जीव गेला. 20 जानेवारी 1955 रोजी कार्डवेल या किनारी गावात पाच वर्षांचा मुलगा उथळ पाण्यात डंखाने मेला. फ्लेकरनी पोलिसांना सांगून तो भाग जाळ्याने पिंजून काढला. त्यात एक चौकोनी पेटीसारखी जेलीफिश मिळाली, जी आजवर कुणी नोंदवलेली नव्हती. ती साउथकॉटांकडे गेली. त्यांनी वर्ष संपायच्या आत तिचं बारसं केलं, कायरोनेक्स फ्लेकरी. नावातला पहिला शब्द ग्रीक आणि लॅटिन जोडून केलेला, अर्थ साधारण हाताने जीव घेणारा. दुसरा फ्लेकरांच्या सन्मानार्थ.

ही बॉक्स जेलीफिश जगातल्या सगळ्यात विषारी प्राण्यांत मोजली जाते. डोकं 30 सेंटीमीटरपर्यंत, साठेक दोरे आणि प्रत्येक दोरा तीन मीटरपर्यंत लांब.

1957 मध्ये फ्लेकर वारले. इरुकांजीचं कोडं तसंच राहिलं. इथून पुढची गोष्ट बार्न्सची.

जॅक हँडीसाइड बार्न्स यांचा जन्म 1922 चा, क्वीन्सलंडमधलाच. महायुद्धात सैन्यात होते. युद्ध संपल्यावर डॉक्टरकी शिकले आणि पुढे केर्न्समध्ये स्थायिक झाले. ते कुठल्या विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. हाताखाली प्रयोगशाळा नव्हती, सरकारी निधी नव्हता. सकाळी दवाखान्यात सर्दी-खोकला बघणारा साधा फॅमिली डॉक्टर. पण उन्हाळा सुरू झाला की त्याच दवाखान्यात कंबर धरून ओरडणारे पेशंट यायचे आणि त्यांना नेमकं काय झालंय हे सांगता येत नाही, ही गोष्ट त्यांना सलत होती.

मग त्यांनी पोलिसासारखा तपास सुरू केला.

ज्याला डंख झाला त्याला विचारायचं, कुठं होतास, किती पाण्यात होतास, अंगाला नेमकं कुठं लागलं. किनाऱ्यावरच्या लाइफसेव्हरकडून माहिती घ्यायची. यातून एक चित्र तयार व्हायला लागलं. हे डंख रोज होत नव्हते. आठवडेच्या आठवडे काही नाही आणि मग एखाद्या दिवशी एकाच किनाऱ्यावर, कधी कधी मैलोगणती पसरलेल्या किनाऱ्यांवर, एकदम अनेकांना. म्हणजे हा जीव किनाऱ्यावर राहणारा नव्हता, तो बाहेरून, खोल समुद्रातून प्रवाहाबरोबर येत असणार. कुणालाच दिसत नाही, म्हणजे लहान आणि पारदर्शक असणार. डंखाची जागा लहान असते, म्हणजे मोठा प्राणी नाही. आणि कायरोनेक्ससारखीच पण बारकी अशी पेटीच्या आकाराची जेलीफिश असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

तर्क पक्का होता. पण ज्याला आजवर कुणी पाहिलेलं नाही आणि जो समोर आला तरी दिसणार नाही, अशा जिवाला शोधायचं कसं?

उत्तर एकच होतं. पाण्यात उतरायचं.

आजकाल तारकर्लीला जाऊन स्कुबा केलेले पुष्कळ जण आहेत. बोटीतून नेतात, खाली प्रवाळ आणि मासे दाखवतात, फोटो काढून वर आणतात. बार्न्सचं डायव्हिंग याच्या नेमकं उलटं. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, अंगभर रबरी सूट घालून उथळ समुद्राच्या तळाशी पडून राहायचं आणि तासन् तास समोरच्या पाण्याकडे टक लावून बघायचं. बघायला सुंदर असं काहीच नाही. वाळू, गढूळपणा आणि उन्हाची तिरीप. त्या तिरपेत एखादी न दिसणारी गोष्ट हलली तर ती टिपायची.

ज्यांनी काचेच्या ग्लासातल्या पाण्यात पडलेला काचेचा तुकडा शोधून बघितलाय त्यांना ही अडचण कळेल. पारदर्शक जेलीफिश थेट बघून दिसत नाही. कधी तिची सावली दिसते, कधी उजेड जरासा वाकडा होतो, कधी नुसते दोरे चमकतात. शिवाय शोधणारा माणूस ज्या पाण्यात पडलाय त्याच पाण्यात ती आहे, आणि त्याचा चेहरा व हात उघडे आहेत.

असे किती तरी फेरे वाया गेले. हंगाम आला आणि गेला. दवाखाना सांभाळून उरलेल्या वेळात हे चाललेलं. शेवटी 1961 च्या डिसेंबरमध्ये, किनाऱ्यावर डंख होत असताना, तो बारकासा जीव बार्न्सच्या हाती लागला.

दुसरा कुणी असता तर तिथंच आनंदाने नाचला असता. पण बार्न्सची अडचण अशी होती की नुसती नवी जेलीफिश सापडून काहीच सिद्ध होत नव्हतं. समुद्रात शेकडो जातींच्या जेलीफिश असतात. याच जिवामुळे ते दुखणं होतं, हे दाखवायचं तर याचा डंख झाल्यावर तेच दुखणं झालेलं दिसायला हवं. प्राण्यावर प्रयोग करून उपयोग नव्हता. आता आपण मरणार असं वाटतंय, हे ससा सांगू शकत नाही.

स्वतःवर प्रयोग करणारे डॉक्टर आपल्यालाही नवे नाहीत. मुंबईत प्लेगने थैमान घातलं होतं तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. पण हाफकिननी आपली लस तरी स्वतः बनवलेली होती. बार्न्सच्या हातात होतं ते निव्वळ विष, आणि किती दिलं म्हणजे माणूस मरतो याचा कुणालाच पत्ता नव्हता.

एकट्यावर प्रयोग केला असता तर प्रश्न उरला असता. या विषयात इतका बुडालेला माणूस, त्याला दुखायला लागलं ते खरं की मनाने घेतलं? म्हणून आणखी दोघं. लाइफसेव्हर तगडा गडी होता, तो सज्ञान होता आणि आपल्या मर्जीने पुढं आला असं समजता येईल. मुलाचं तसं नाही. नऊ वर्षांच्या पोराला काय कळतं? बाप डॉक्टर आहे, तो सांगतोय ते ठीकच असणार, एवढंच.

आज कुठलीही नैतिकता समिती या प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. त्या काळातही हा प्रकार नेहमीचा नव्हता. बार्न्सनी तो केला आणि पुढे लपवलाही नाही. स्वतः, मुलगा आणि लाइफसेव्हर, कुणाला काय झालं ते त्यांनी शास्त्रीय लेखात लिहून टाकलं.

तिघांनाही झालं ते अगदी ठरल्याबरहुकूम. आधी क्षुल्लक चुरचुर, मध्ये शांतता, आणि मग इरुकांजीची एकेक लक्षणं. पोट आवळणं, हातापायांत गोळे, उलट्या, श्वास अपुरा पडणं, अंगात काटे टोचल्यासारखी बेचैनी. हॉस्पिटलात वेदना कमी करणारी औषधं द्यावी लागली. तिघंही वाचले. विषाची मात्रा थोडी जास्त झाली असती तर काय झालं असतं, हे पुढे 2002 साली दिसलं. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात दोन परदेशी पर्यटक दगावले आणि दोन्ही मृत्यूंचं खापर इरुकांजीच्या डंखावर फोडलं गेलं.

बार्न्सचा लेख 1964 मध्ये मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलियात छापून आला. 1967 मध्ये साउथकॉटनी या जेलीफिशला शास्त्रीय नाव दिलं, कारुकिया बार्नेसी. सैनिकांचे डंख बघून ज्यांनी हा आजार वेगळा आहे हे ओळखलं, त्यांनीच वीसेक वर्षांनी त्यामागच्या जिवाचं नामकरण केलं.

आता थोडं या डंखाबद्दल. जेलीफिश चावत नाही. तिच्या दोऱ्यांवर लाखो सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येकीत गुंडाळून ठेवलेली एक बारीक पोकळ नळी असते. कातडीचा स्पर्श झाला की ती नळी स्प्रिंगसारखी सुटते, आत घुसते आणि विष सोडते. पापणी लवायच्या कितीतरी आधी हे उरकलेलं असतं. यात जेलीफिशची इच्छा, राग वगैरे काही नसतं. म्हणून मरून वाळूत पडलेली जेलीफिशसुद्धा डंख मारते. कारुकियाच्या बाबतीत तर या पेशी दोऱ्यांवरच नाहीत, तिच्या डोक्यावरही असतात. तिचं विष अंगात गेलं की शरीरातून अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं पूर आल्यासारखी वाहतात. म्हणून ती धडधड, ते ब्लडप्रेशर आणि बहुधा ती मरणाची धास्तीही.

इरुकांजीचा छडा लागला म्हणून बार्न्स थांबले नाहीत. मोठी कायरोनेक्स अजून माणसं मारतच होती. तिच्यावर उतारा तयार करायचा तर आधी शुद्ध विष हवं. सापाचं विष काढणं सोपं, तोंड दाबलं की दातातून थेंब पडतात. जेलीफिशचं काय दाबणार? दोरे वाटले तर विषात तिच्या शरीराची सगळी घाण मिसळायची.

इथं बार्न्सनी जी युक्ती केली ती केवळ डॉक्टरलाच सुचू शकते. बाळंतपणानंतर जी वार पडते, तिच्यासोबत बाळाभोवतीचं पातळ आवरणही बाहेर येतं. ते टाकूनच देतात. बार्न्सनी ते आवरण ताणून घेतलं, त्यावर जिवंत जेलीफिशचे दोरे ठेवले आणि विजेचा हलका झटका दिला. पेशींना वाटलं माणसाची कातडी लागली. सगळ्या नळ्या सुटल्या, आवरणातून आरपार गेल्या आणि विष खालच्या बाजूला जमा झालं. स्वच्छ, भेसळ नसलेलं. ही पद्धत त्यांनी 1960 च्या दशकात बसवली.

मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजने मेंढ्यांना हे विष थोडं थोडं टोचून त्यांच्या रक्तापासून कायरोनेक्सवरचं प्रतिविष तयार केलं. 1970 पासून ते वापरात आलं. इरुकांजीवर मात्र ते चालत नाही, आणि इरुकांजीसाठी वेगळं प्रतिविष आजपर्यंत तयार झालेलं नाही. तिथं अजूनही वेदनाशामक औषधं, ब्लडप्रेशर सांभाळणं आणि वाट बघणं, एवढंच हातात आहे.

त्या काळातले लाइफसेव्हर स्वतःचा बचाव कसा करायचे हा किस्सा तर सांगायलाच हवा. बायका घालतात ते पातळ नायलॉनचे पायमोजे, कंबरेपर्यंतचे. किनाऱ्यावरचे दंडमजबूत गडी एक जोडी पायांत घालायचे, दुसरी उलटी करून, मध्ये भोक पाडून डोक्यातून अंगात चढवायचे आणि पाण्यात उतरायचे. दिसायला कसंही दिसो, ते काम करायचं. डंखाच्या पेशी सुटायला नुसता स्पर्श पुरत नाही, कातडीवरची रसायनंही लागतात आणि नायलॉनवर ती नसतात. आज तिथं मिळणारे अंगभर लायक्राचे सूट म्हणजे याच पायमोजांची सुधारलेली आवृत्ती.

प्रथमोपचारात मात्र सगळ्यांचीच एक मोठी चूक होत होती. डंखाच्या जागी स्पिरिट ओतायची पद्धत होती. 1980 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की स्पिरिटने न सुटलेल्या पेशीही सुटतात, म्हणजे विष वाढतं. त्याच अभ्यासात असंही दिसलं की स्वयंपाकघरातलं साधं व्हिनेगर कायरोनेक्सच्या पेशी बंद पाडतं. तेव्हापासून उत्तर क्वीन्सलंडच्या किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या टांगलेल्या असतात. पोहण्यासाठी जाळ्याने बंदिस्त केलेले चौकोनही आले. त्यातून मोठी कायरोनेक्स येऊ शकत नाही. नखाएवढी कारुकिया आरामात येते.

हे वाचून कुणी जुहूला व्हिनेगर घेऊन जाईल, म्हणून इथं एक गोष्ट सांगणं भाग आहे. मुंबईच्या किनाऱ्यांवर पावसाळ्यात निळे फुगे वाहून येतात, ऑगस्ट 2018 मध्ये कित्येक जणांना त्यांचे डंख झाले होते. त्यांना ब्लू बॉटल म्हणतात आणि शास्त्रीयदृष्ट्या ती जेलीफिशच नाही, अनेक जिवांची ती एकत्र वसाहत आहे. तिच्या डंखावर ऑस्ट्रेलियातले तज्ज्ञ व्हिनेगर लावायला सांगत नाहीत. चिकटलेले दोरे अलगद काढायचे, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि मग भाजणार नाही इतक्या गरम पाण्यात ती जागा वीसेक मिनिटं बुडवून ठेवायची. वाळूने चोळायचं नाही. श्वास लागला, छातीत दुखलं, उलट्या सुरू झाल्या तर थेट हॉस्पिटल.

बार्न्स 1985 मध्ये वारले. तोपर्यंत एका फॅमिली डॉक्टरने फावल्या वेळात केलेल्या कामावर संशोधनाची नवी शाखा उभी राहिली होती. त्यांच्यानंतर कळलं की इरुकांजीचं दुखणं एकट्या कारुकियामुळे होत नाही, तिच्या जातकुळीतल्या आणखी काही बारक्या जेलीफिशही तो उद्योग करतात. त्यातल्या एकीचं नाव मालो किंगी. 2002 साली दगावलेल्या दोन पर्यटकांपैकी एकाच्या आडनावावरून ते ठेवलेलं आहे.